फ्रेंच हॉर्नचा नादगुण : वाद्यकार, वादक आणि ध्वनिमुद्रिका यांच्या संबंधाचा विचार

१

पाश्चात्त्य वाद्यसंगीताच्या समीक्षेत एक गृहीतक दीर्घकाळ रूढ आहे. वादकाच्या नादाचे वैशिष्ट्य सांगताना तो कोणत्या कारागिराचे वाद्य वाजवतो हे प्रथम नमूद करावयाचे आणि त्या वैशिष्ट्याचा उगम वाद्यातच आहे असे सूचित करून पुढे जावयाचे, असा हा प्रघात होय. मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ती कितीही मोठी असली तरी तंबोरा मिरजेचा आहे एवढ्यावरून गायकाचे घराणे कोणी ठरवत नाही. फ्रेंच हॉर्नच्या बाबतीत मात्र नेमके हेच सर्रास केले जाते. 'फ्रेंच' नाद, 'जर्मन' नाद, 'व्हिएन्नी' नाद असे वर्ग पाडले जातात आणि प्रत्येक वर्गाचे कारण नळीच्या रुंदीत किंवा व्हॉल्व्हच्या रचनेत शोधले जाते.

हे गृहीतक सर्वस्वी चूक आहे असे नव्हे. तथापि ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणाचा पुरावा सुदैवाने उपलब्ध आहे. विसाव्या शतकात या वाद्याच्या ध्वनिमुद्रिका विपुल निघाल्या. एकच रचना, एकच वादक आणि दोन भिन्न घडणीची वाद्ये असा दुर्मीळ योगही त्यांत सापडतो. या साक्षीची छाननी केल्यास नादगुण हा धातूचा धर्म नसून वादक, गुरू, वाद्यकार आणि श्रोते यांनी मिळून केलेली व पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली निवड आहे, असा निष्कर्ष काढावा लागतो. एखादा नाद लुप्त झाला तर त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही त्यातूनच उद्भवतो. तो केवळ तांत्रिक प्रश्न नाही.

२

घोटाळ्याला आरंभ नावापासूनच होतो. या वाद्याला 'फ्रेंच' हे विशेषण फक्त इंग्रजी भाषेने लावले. सतराव्या शतकात शिकारीचे वर्तुळाकार शिंग फ्रान्समधून इंग्लंडात आले, म्हणून ते तेथे 'फ्रेंच' ठरले. फ्रेंच लोक त्याला नुसते 'कॉर' म्हणजे शिंग म्हणतात, तर जर्मन त्याला 'वाल्डहॉर्न' म्हणजे रानातले शिंग असे म्हणतात. आज जगभर 'फ्रेंच हॉर्न' म्हणून जे वाद्य वाजवले जाते त्याची घडण बहुतांशी जर्मन आहे. १९७० साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हॉर्न संस्थेने १९७१ मध्ये हे विशेषण गाळून इंग्रजीत केवळ 'हॉर्न' म्हणावे अशी शिफारस केली. प्रस्तुत विवेचनातही येथून पुढे तेच नाव वापरले आहे.

शिकारीच्या रानातून हे वाद्य संगीताच्या दालनात आले ते वस्तूच्या प्रवासामुळे जितके, तितकेच माणसांच्या प्रवासामुळे. बोहेमियाचा सरदार काउंट श्पोर्क याने १६८० च्या सुमारास आपले दोन सेवक हे वादन शिकण्यासाठी फ्रान्समध्ये ठेवले. पुढे ज्या बोहेमियन वादकपरंपरेने युरोपातील दरबार व्यापले तिचे मूळ या घटनेकडे नेले जाते. परंपरेचा आरंभ अशा रीतीने शिष्यत्वातून झाला, ही गोष्ट पुढील विचाराच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मूळचे हॉर्न म्हणजे एक लांब, निमुळती, वाटोळी वळवलेली पितळी नळी. तिला भोके नाहीत व कळाही नाहीत. ओठांच्या ताणाने वादक त्या नळीतील उपस्वर एकामागून एक जागे करतो. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गांधार ऐकू येतो हे संगीताच्या अभ्यासकास परिचित आहे. तो गांधार म्हणजे उपस्वरमालेतील पाचवा नाद होय. हॉर्नवादकाला मिळणारी सारी स्वरसामग्री याच मालेतील असते. तिच्यातील सातवा नाद कोमल निषादापेक्षा उतरलेला असतो. अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मध्येच पडतो, तर तेरावा कोमल आणि शुद्ध धैवताच्या दरम्यान राहतो. खालच्या भागात नाद एकमेकांपासून दूर असतात, तर वरच्या भागात ते दाटीवाटीने येतात. स्वरपंक्ती वाजवावयाची तर वादकाला त्या दाटीतच वावरावे लागते, आणि तेथे ओठ किंचित चुकला की शेजारचा नाद निघतो. हॉर्न हे धोक्याचे वाद्य मानले जाते त्याचे कारण हे आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास ड्रेस्डेनचा वादक हाम्पेल याने कर्णामुखात हात घालून मधले स्वर काढण्याची पद्धत व्यवस्थित केली असे मानले जाते. हाताने दाबलेला स्वर झाकोळलेला व काहीसा अनुनासिक येतो, तर मोकळा स्वर उजळ येतो. मोझार्टने लॉइटगेप या वादकासाठी लिहिलेल्या कॉन्चेर्तोंत आणि बीथोव्हेनने १८०० साली पुंतो या वादकासाठी लिहिलेल्या सोनाटात हा छायाप्रकाश रचनेचाच भाग आहे. स्वरांची विषमता हा त्या काळी दोष नव्हता, ती एक अर्थपूर्ण सामग्री होती.

३

यानंतरचा वाद्यकारांचा इतिहास म्हणजे ही विषमता आणि हा धोका यांच्या निवारणाचा इतिहास होय. श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी १८१८ मध्ये बर्लिन येथे व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. बोट दाबताच नळीची लांबी बदलावी आणि सर्व स्वर मोकळे मिळावेत ही त्यामागील कल्पना. १८३० साली व्हिएन्नात लेओपोल्ड ऊलमान याने दुहेरी दट्ट्यांच्या व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. १८३५ साली त्याच नगरात योझेफ रीडल याने फिरत्या व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. पॅरिसमध्ये राऊ घराण्याच्या कारागिरांनी नाजूक, अरुंद नळीच्या हॉर्नची कीर्ती आधीच प्रस्थापित केली होती. तेथे दट्ट्याचे व्हॉल्व्ह स्थिरावले. अखेरीस १८९७ च्या सुमारास एर्फुर्ट येथील क्रुस्पे यांच्या कारखान्यात दुहेरी हॉर्न तयार झाले. त्यात सुमारे ३.७ मीटर लांबीची 'एफ' नळी आणि सुमारे २.७ मीटर लांबीची 'बी-फ्लॅट' नळी एकत्र बसवलेल्या असतात. अंगठ्याच्या एका व्हॉल्व्हने वादक एकीवरून दुसरीवर जातो.

या युक्तीचा लाभ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 'एफ' नळीवर जो स्वर बारावा उपस्वर म्हणून मिळतो, तोच 'बी-फ्लॅट' नळीवर नववा उपस्वर म्हणून मिळतो. नवव्याचे शेजारी बाराव्याच्या शेजाऱ्यांपेक्षा अधिक दूर असतात. साहजिकच चुकण्याचा संभव घटतो. माइन्झ येथील अलेक्झांडर यांचे कारखाने, अमेरिकेत क्रुस्पेच्या नमुन्यावरून पुढे आलेली कॉन कंपनीची वाद्ये, लंडनच्या पॅक्समन यांनी रिचर्ड मेरेवेदर यांच्या साहाय्याने घडवलेली आणखी आखूड नळ्यांची वाद्ये, या सर्वांची दिशा एकच आहे.

ही दिशा सर्वांनी निमूटपणे स्वीकारली असे मात्र दिसत नाही. पॅरिसच्या संगीत विद्यालयात मेफ्रे यांनी १८३३ पासून व्हॉल्व्ह-हॉर्नचा वर्ग चालवला, परंतु १८६४ मध्ये ते निवृत्त होताच तो बंद झाला आणि हाताच्या हॉर्नचेच शिक्षण कित्येक दशके चालू राहिले. ब्राम्सने १८६५ साली रचलेली हॉर्न-त्रयी व्हॉल्व्ह नसलेल्या हॉर्नसाठी लिहिली, आणि तीही व्हॉल्व्ह प्रचारात येऊन जवळजवळ अर्धे शतक लोटल्यावर. सोय उपलब्ध असताना ती नाकारणे हा अज्ञानाचा परिणाम नव्हे. त्यामागे एक निश्चित सौंदर्यदृष्टी असते.

४

ध्वनिमुद्रिकांची साक्ष घेण्यापूर्वी साक्षीदाराची परीक्षा करणे अवश्य आहे. १९२५ पूर्वी मायक्रोफोन नव्हता. वाद्यांचा नाद एका मोठ्या कर्ण्यात गोळा करून थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. हॉर्नचे मुख वादकाच्या मागे वळलेले असते. त्यामुळे त्या काळी हॉर्नवादकांना संचालकाकडे पाठ करून बसावे लागे आणि त्याचे हातवारे आरशात पाहावे लागत. अशा तबकड्यांवरून नादगुणाविषयी ठाम विधान करणे धाडसाचे होईल. लय, स्वरारंभ आणि स्वरान्त यांविषयी मात्र त्या बरेच सांगू शकतात.

विद्युत्-ध्वनिमुद्रण आल्यावर नादाची साक्ष अधिक विश्वसनीय झाली. तरीही अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे चार मिनिटांची असे आणि ती सलग वाजवावी लागे. फुटलेला स्वर एक तर तसाच राही किंवा सारी बाजू पुन्हा वाजवावी लागे. १९५० च्या सुमारास चुंबकीय फीत रूढ झाली आणि तुकडे कापून जोडणे शक्य झाले. तेव्हापासून तबकडीवरील हॉर्न सहसा चुकत नाही. हा बदल श्रोत्याच्या कानावर नकळत परिणाम करतो. ज्या वाद्याचे मर्म निसटत्या स्वराला धरून ठेवण्यात आहे, ते वाद्य त्याला निर्धोक वाटू लागते. सारांश, दोन ध्वनिमुद्रणांत फरक आढळला तर तो वाद्याचा, वादकाचा की मुद्रणतंत्राचा, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

५

या दृष्टीने इंग्लंडातील ब्रेन पिता-पुत्रांच्या ध्वनिमुद्रिका सर्वांत उद्‌बोधक आहेत. ऑब्री ब्रेन (१८९३–१९५५) हे बी. बी. सी. सिंफनी वाद्यवृंदाचे प्रमुख हॉर्नवादक आणि अरुंद नळीच्या फ्रेंच वाद्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. जर्मन वाद्याचा जाड नाद त्यांना मानवत नसे. १९३३ साली आडोल्फ बुश आणि रुडोल्फ झेर्किन यांच्यासमवेत त्यांनी ब्राम्सची त्रयी मुद्रित केली. तीत हॉर्न व्हायोलिनवर कोठेही मात करत नाही. मंद चलनाच्या भागात तर तो जवळजवळ कुजबुजतो. त्यांचे पुत्र व शिष्य डेनिस ब्रेन (१९२१–१९५७) यांनी आरंभी फ्रेंच घडणीचेच राऊ वाद्य वाजवले. १९५१ मध्ये मात्र त्यांनी ते सोडून अलेक्झांडरचे एकेरी 'बी-फ्लॅट' वाद्य घेतले. पित्याने जे नाकारले तेच पुत्राने स्वीकारले.

प्रचलित गृहीतक खरे असते तर १९५१ हे वर्ष डेनिस ब्रेन यांच्या नादाला दुभंगणारे ठरावयास हवे होते. पुराव्याकडे पाहिले तर तसे आढळत नाही. बेंजामिन ब्रिटन यांनी १९४३ साली टेनर, हॉर्न आणि तंतुवाद्ये यांसाठी 'सेरेनेड' रचली ती पीटर पिअर्स आणि डेनिस ब्रेन यांना समोर ठेवून. त्या दोघांनी ती दोनदा मुद्रित केली. पहिल्यांदा १९४४ मध्ये, स्वतः ब्रिटन यांच्या संचालनाखाली. दुसऱ्यांदा १९५३ मध्ये, यूजीन गूसेन्स यांच्या संचालनाखाली. पहिल्या वेळी राऊ, दुसऱ्या वेळी अलेक्झांडर. या रचनेच्या आरंभी व अखेरीस एकट्या हॉर्नचा जो भाग आहे तो व्हॉल्व्हची हालचाल न करता केवळ नैसर्गिक उपस्वरांवर वाजवावा अशी रचनाकाराची अपेक्षा आहे. म्हणजे ज्या यंत्रणेने एक वाद्य दुसऱ्यापासून वेगळे होते ती येथे मुद्दाम निष्क्रिय केलेली असते. उरतात ती नळी, ओठ आणि श्वास. तुलनेसाठी याहून शुद्ध प्रसंग प्रयोगशाळेतही क्वचितच मिळेल.

दोन्ही ध्वनिमुद्रणांत मध्यमांच्या मधला तो अकरावा नाद आहे तसाच, निःशंकपणे येतो. प्रथमच ऐकणाऱ्याला तो बेसूर वाटतो, आणि नेमक्या त्या परकेपणातून संध्याकाळचे वातावरण उभे राहते. १९५३ चा नाद काहीसा रुंद व गोलसर आहे हे खरे. परंतु या अवधीत मुद्रणतंत्रही पालटले होते, तेव्हा त्या रुंदीतला किती वाटा अलेक्झांडरचा आणि किती यंत्राचा हे निश्चित सांगता येणार नाही. ज्यावरून वादक ओळखू येतो त्या गोष्टी मात्र दोन्हीकडे त्याच आहेत. स्वराचा आरंभ आघाताविना तरीही रेखीव होतो, दीर्घ स्वर कंपाविना सरळ उभा राहतो आणि वाक्य पुरे होण्यापूर्वी श्वास तुटत नाही.

याच लक्षणांचा माग मागे नेला तर तो पित्यापर्यंत पोचतो. मोझार्टचा तिसरा कॉन्चेर्तो ऑब्री यांनी १९४० साली एड्रियन बोल्ट यांच्या संचालनाखाली मुद्रित केला. डेनिस यांनी १९५३ मध्ये हर्बर्ट फोन कारायान आणि फिलहार्मोनिया वाद्यवृंद यांच्यासह चारही कॉन्चेर्तो मुद्रित केले. वाद्ये निराळ्या देशांची, पण स्वरारंभाची शुचिता, कंपाचा अभाव आणि शेवटच्या द्रुत भागातील हलके, नाचरे विनोदी चलन ही एकाच घरातली आहेत. धातू बदलला, घराणे बदलले नाही. 'घराणे' हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. गुरूच्या कानाने शिष्याचा कान घडवणे, या मूळ अर्थानेच तो अभिप्रेत आहे.

६

यावर एक आक्षेप संभवतो. घडण इतकी गौण असेल तर व्हिएन्नातील वादक जुन्या घडणीच्या वाद्याला चिकटून का राहिले? व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक आजही ऊलमान-पद्धतीच्या दुहेरी दट्ट्यांचे एकेरी 'एफ' हॉर्न वाजवतात. या व्हॉल्व्हमुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना सांधा कमी जाणवतो. अरुंद व लांब नळीमुळे नाद मोठा होत जाताना अधिकाधिक उजळत जातो. १९६२ साली जॉर्ज शोल्टी यांच्या संचालनाखाली वाग्नरचा 'झीगफ्रीड' मुद्रित झाला. त्यातील एकट्या हॉर्नची ललकारी ऐकली म्हणजे घडणीचा हा परिणाम कोणालाही नाकारता येणार नाही.

आक्षेपाचे बळ मान्य केले तरी त्यातून निष्पन्न होते ते प्रचलित गृहीतकाच्या उलट. व्हिएन्नातील वादकांपुढे दुहेरी हॉर्न उपलब्ध होते. त्याची सुरक्षितता त्यांना ठाऊक होती. तरीही त्यांनी अधिक धोक्याचे वाद्य राखले. रिखार्ड श्ट्राउस याचा दुसरा कॉन्चेर्तो १९४३ मध्ये साल्झबुर्ग येथे प्रथम सादर झाला, तेव्हा गॉटफ्रीड फोन फ्रायबेर्ग यांनी ती कठीण रचना याच जातीच्या हॉर्नवर वाजवली. पुढे जुनी वाद्ये झिजून गेली, तेव्हा १९७० च्या दशकात यामाहा या जपानी कंपनीच्या सहकार्याने ती नव्याने घडवून घेण्यात आली. 'व्हिएन्नी' नाद टिकावा म्हणून जपानी कारागीर कामाला लागले, ही घटना बोलकी आहे. नाद त्या मातीत किंवा त्या धातूत नव्हता. तो हवा आहे असे म्हणणाऱ्या समूहात होता, आणि वाद्य त्या मागणीनुसार घडले.

पॅरिसचे उदाहरण याच्या विरुद्ध टोकाचे आहे. तेथील वादकांनी दट्ट्याच्या हॉर्नवर एक पातळ, तेजस्वी, किंचित कंपयुक्त नाद जोपासला होता. पॅरिस संगीत विद्यालयाच्या कॉन्सर्ट-संस्थेचे प्रमुख हॉर्नवादक ल्युसियाँ तेवे यांच्या वादनात त्याचे परिपक्व रूप दिसते. आंद्रे क्लुइतांस यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी त्या वाद्यवृंदाकडून रावेलच्या रचना मुद्रित करून घेतल्या. त्या ऐकताना हॉर्न सॅक्सोफोनच्या किती जवळ जाऊ शकतो हे लक्षात येते. १९६७ मध्ये ती संस्था विसर्जित होऊन तिच्या जागी पॅरिस वाद्यवृंद आला, आणि १९७० च्या दशकात फ्रान्समधील वादक जर्मन घडणीच्या दुहेरी हॉर्नकडे व कंपविरहित नादाकडे वळले. हा बदल सदोष वाद्यामुळे झाला असे म्हणता येत नाही, कारण त्याच वाद्यावर निर्माण झालेली उत्तम ध्वनिमुद्रणे समोर आहेत. बदलली ती श्रोत्यांची आणि संचालकांची अपेक्षा. जगभर विकल्या जाणाऱ्या तबकड्यांनी हॉर्नच्या नादाचा एकच आदर्श रुजवला, आणि त्या आदर्शापुढे स्थानिक नाद 'चुकीचा' वाटू लागला. ज्या ध्वनिमुद्रिकेने घराण्यांची साक्ष जपली, तिनेच घराण्यांच्या विलयाला हातभार लावला, हा या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग होय.

७

ध्वनिमुद्रिकेची शक्ती एकाच दिशेने वाहते असे मात्र नाही. हेर्मान बाउमान यांनी १९७० च्या दशकात निकोलाउस हार्नोन्कूर्ट यांच्यासह मोझार्टचे कॉन्चेर्तो व्हॉल्व्ह नसलेल्या हॉर्नवर मुद्रित केले. ते ऐकल्यावर १९५३ च्या ब्रेन यांच्या ध्वनिमुद्रणाकडे नव्या दृष्टीने पाहावे लागते. ब्रेन यांचे वादन निर्दोष आहे. पण जे मोझार्टने उजेड आणि सावली अशा दोन रंगांत लिहिले, ते तेथे एकाच समान उजेडात ऐकू येते. बाउमान यांच्या हाताखाली झाकोळलेले स्वर पुन्हा झाकोळतात, आणि वाक्याचा अर्थ क्वचित पालटतोही. येथे वाद्याची घडण निर्णायक आहे असे कोणी म्हणेल. परंतु ते वाद्य दीडशे वर्षे जगाला ठाऊकच होते. त्याच्याकडे परतावे अशी इच्छा निर्माण होणे, हीच खरी घटना होय.

यावरून समीक्षेपुढील कर्तव्य स्पष्ट होते. ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण करताना वाद्यकाराचे नाव, नळीचा प्रकार, मुद्रणाचे वर्ष आणि पद्धती यांची नोंद अवश्य करावी. ती माहिती आहे, निर्णय नव्हे. वाद्य काय करू देते आणि काय अवघड करते एवढेच घडणीच्या इतिहासावरून कळते. त्या मर्यादेत काय राखावयाचे आणि काय टाकावयाचे हे माणसे ठरवतात. नादाचे श्रेय धातूला देणारा समीक्षक नकळत त्या माणसांना त्यांच्या निवडीच्या उत्तरदायित्वातून मुक्त करतो. पॅरिसचा नाद गेला तो कालौघात गेला, असे मग सहज म्हटले जाते. वस्तुतः तो सोडला गेला, आणि व्हिएन्नाचा राखला गेला. या दोन क्रियापदांतील भेद ध्यानी घेणे हा हॉर्नच्या ध्वनिमुद्रिकांच्या अभ्यासाचा पहिला धडा होय.